कोनाड्यातली भाकर

पेनरोज
सोमवार, ३ मार्च

मेरिन,

नाताळनंतरच्या त्या शनिवारी सकाळी मी नेहमीसारखीच चर्चमध्ये गेले होते. तळघरातला बॉयलर चालू केला. तो दोनदा खोकला आणि पेटला. पायऱ्यांवरचं बर्फ फावड्यानं ओढून काढलं, वर मीठ टाकलं. वेदीवरची कापडं इस्त्री केली, द्राक्षारसाची बाटली पुसली, भिंतीतल्या कोनाड्यावरच्या दिव्यात आठवडाभर पुरणारी नवी मेणबत्ती ठेवली. मागच्या खोलीतल्या कपाटात भाकरीच्या चकत्यांचं नवं पाकीट फाडलेलं दिसलं. मला वाटलं, उंदीर. मी रबर लावून ते डब्यात टाकलं आणि तुझ्या बाबांना दूध-लापशी द्यायला घरी आले. इतकी साधी सकाळ. कालपासून मी तीच पुन्हा पुन्हा आठवतेय.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

ख्रिसमसनंतर मी प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे गेलेच नव्हते. आधी बाबांचं आजारपण. त्यांना एकटं सोडून मी उपासना संपेपर्यंत कधी बसलेच नाही. मग ते गेल्यावर चर्चमध्ये जात होते, वाचन करत होते, पण पुढे जायची वेळ आली की गुडघे दुखतायत असं सांगून बाकावरच बसायचे. काल मी पुढे गेले. गुडघे टेकले, हात पुढे केला. क्लेटननं तळहातावर चकती ठेवली. ती तपकिरी होती.

तुला हे वाचतानाच कळलं असेल. तरी मी सगळं लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला नीट विचार करता येत नाही.

फादर बाल्च नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी, त्यांच्या अंगणात घसरले आणि खुबा मोडला. तेव्हापासून आमच्याकडे एकही धर्मगुरू आलेला नाही. बिशपच्या कचेरीतून दर वेळी एकच उत्तर: माणूस मिळाला की पाठवतो. आम्ही चौदा-पंधरा जण. सकाळची प्रार्थना मी वाचते, आयली ऑर्गन वाजवते, आणि फादरनी जाण्याआधी आशीर्वाद देऊन कोनाड्यात ठेवलेली भाकर क्लेटन वाटतो. त्याच्याकडे बिशपचा परवाना आहे, कोनाड्याची किल्लीही त्याच्याकडेच. आजाऱ्यांकडेही तोच घेऊन जातो. भाकर कशी पुरते असं मी त्याला नाताळात विचारलं होतं. म्हणाला, "अर्ध्या करतोय गं. फादरनी भरपूर ठेवली होती."

फादर नेहमी पांढऱ्या चकत्या वापरायचे. तपकिरी पाकीट टपालानं आलं नाताळच्या आठवड्यात. आयलीनं मागवलं होतं. "कोंड्याची आहेत," म्हणाली, "आपल्या सगळ्यांच्या पोटाला बरी." आम्ही दोघी हसलो होतो. म्हणजे त्या पाकिटावर आजवर कुठल्याही धर्मगुरूनं हात ठेवलेला नाही. तू बाबांच्या अंत्यविधीला होतीस, पण शेवटच्या बाकावर, साध्या कोटात. धर्मगुरूची तुझी पांढरी गळपट्टीसुद्धा घातली नव्हतीस. वेदीजवळ तू आलीच नाहीस.

काल मी ती चकती तोंडात टाकली. काय करणार होते? मागे लोक उभे होते. घरी येऊन कोट न काढता स्वयंपाकघरात बसले. कोनाड्यावरचा दिवा आत आशीर्वाद दिलेली भाकर असेल तोवरच जळायला हवा, आणि हा सगळा हिवाळा तो मीच पेटता ठेवलाय.

आणखी एक. बाबा गेले त्या दिवशी क्लेटननं त्यांच्या जिभेवर तुकडा ठेवला, त्यातला एक कण त्यांच्या ओठाला चिकटला होता. मी अंगठ्यानं पुसला. तपकिरी होता. मला वाटलं, टोस्टचा असेल. बाबांनी टोस्ट खाणं केव्हाच सोडलं होतं.

तुझी आई


पेनरोज
बुधवार, १२ मार्च

मेरिन,

तुझं पत्र आलं. तुझ्या चर्चच्या छापील कागदावर, टाइप केलेलं, खाली तुझी पूर्ण सही आणि हुद्दा. मी आईच्या नात्यानं लिहिलं होतं. उत्तर रेव्हरंड ट्रेवॅरो बाईंकडून आलं.

"बाबांनी त्या दिवशी खाल्ली ती फक्त भाकर होती." हे वाक्य मी चुलीजवळ उभ्यानं वाचलं. तू खोटं लिहिलेलं नाहीस. तू कधीच लिहीत नाहीस. पण हे वाक्य लिहून झाल्यावर तू थोडी थांबलीस का, एवढंच मला विचारायचंय.

त्या दिवशी तू पुलाच्या अलीकडे बर्फ काढणाऱ्या गाडीमागे अडकली होतीस, आणि तिथून मला फोनवर म्हणालीस, "आई, थांब, बाबांना भाकर मी देणार." ते मला चांगलं आठवतं. तू संध्याकाळी आलीस, ते दुपारीच गेले होते. तू स्वयंपाकघरात कोटासकट उभी राहून म्हणालीस, "ते माझ्या हातून व्हायला हवं होतं." मी तेव्हा बोलले नाही, आज बोलते. बाबांचं तोंड कोरडं पडलं होतं, श्वास लांबत चालला होता. त्यांनी दाराकडे बघून विचारलं, "क्लेटन आलाय का?" क्लेटन आला होता. तू आली नव्हतीस. मी त्यांना थांबायला सांगू शकले नाही, आणि आजही सांगणार नाही.

पण मी तेव्हा तुझ्यापुढे मान ताठ ठेवू शकले ती एकाच गोष्टीच्या बळावर, की जे हवं होतं ते त्यांना मिळालं. तेच आता माझ्या हातातून गेलंय. हे तुझ्याशिवाय मी कोणाला सांगणार होते?

आणि तू लिहितेस: बिशप तेवीस तारखेला येतायत, क्लेटनचा परवाना पुढे वाढवायला. तोवर आई, तू त्यांना सांग. नाहीतर मला सांगावं लागेल, मी शपथेनं बांधलेली आहे.

ठीक आहे. तुझी शपथ मला कळते. पण क्लेटन नसेल तर इथं काय उरेल ते तुला कळतंय का? छत गळलं की तो चढतो. पंप बिघडला की तो. कोणी मेलं की गोठलेल्या जमिनीत खड्डा करायला यंत्र कुठून आणायचं, हेही तोच बघतो. तुझ्या बाबांसाठीही त्यानंच आणलं. त्याला बिशपसमोर उभं करायचं, तेही माझ्या हातानं.

मी आधी आयलीशी बोलले. काल आम्ही चर्चच्या तळघरात पेस्ट्यांत मांस-सलगमाचं सारण भरत होतो, शुक्रवारच्या विक्रीसाठी. ती सलगम चिरत होती.

मी म्हटलं, "आयली, चकत्या तपकिरी आहेत."

"डोळे आहेत मला," ती म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"जानेवारीपासून."

"आणि तू बोलली नाहीस?"

"कोणाला बोलू? तू नवऱ्याच्या उशाशी बसलेलीस. क्लेटनला? तो तर रोज माझ्या दारातलं बर्फ काढतो." तिनं सुरी खाली ठेवली. "हे बघ लोव्हीना, मी जन्मानं लुथरन पंथाची. चाळीस वर्षांपूर्वी तुमचा ऑर्गन वाजवायला आले आणि घरी जायचं विसरले. या वयात हातावर जे ठेवतील ते मी खाते. पण तू खाऊ शकणार नाहीस, ते मला माहीत होतं. म्हणून तू बाकावर बसायचीस तेव्हा मला बरंच वाटायचं."

मी कणीक लाटत राहिले. माझ्या हातून एकही कड नीट चिमटून बंद होईना. तिनं ते बघितलं आणि माझ्या पुढ्यातला ट्रे आपल्याकडे ओढून घेतला.

"बिशपला सांगणार?"

"मेरिन सांगेल नाहीतर."

"तू तिला लिहिलंस? अगं बाई," आयली म्हणाली. "म्हणजे झालंच."

तेवढंच बोलली. बाकीच्या सगळ्या पेस्ट्या तिनं एकटीनं भरल्या.

आई


पेनरोज
गुरुवार, २० मार्च

मेरिन,

दिवस जवळ आला, आणि तू फोन केलास तो आयलीला. "आईनं ठरवलं का?" असं तिला विचारलंस. माझ्याशी बोलायला तू शेजारीण शोधतेस हे मला लागलं, पण ते असो.

आज क्लेटनशी बोलले. तो चर्चच्या उत्तर बाजूला शिडीवर होता, पन्हाळीतलं बर्फ कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं फोडत. मी खाली उभी राहिले.

"बाजूला हो," तो वरून ओरडला, "डोक्यात पडेल!"

"खाली ये. बोलायचंय."

"वरूनच ऐकू येतंय."

"चकत्यांबद्दल आहे."

तो थांबला. मग इतका सावकाश उतरला की शेवटच्या पायरीवर आता हा बसूनच घेतो की काय असं मला वाटलं. हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"आयलीनं सांगितलं?"

"तू माझ्या हातावर ठेवलीस, क्लेटन. मला काय सांगायला लागतंय?"

तो म्हणाला, कोनाडा नाताळ होताच रिकामा झाला. अर्ध्या करून, पाव करून. बिशपच्या कचेरीत त्यानं तीनदा फोन केला. मग थेल्मा बाइसचा निरोप आला, ती शेवटच्या घटका मोजत होती. "मी आजाऱ्यांकडे भाकर न्यायची डबी घेऊन निघालो, उघडली, आत काही नाही. तिच्या दारात जाऊन काय सांगू? संपलं म्हणून? दुकानासारखं?" त्यानं मागच्या खोलीतून चकत्या उचलल्या. एकदा दिल्यावर रविवारी नाही कसं म्हणणार, लोक विचारतील. मग पुढच्या रविवारी. मग पुढच्या.

मला एकच गोष्ट विचारायची होती.

"तू ती प्रार्थना म्हटलीस का? धर्मगुरू म्हणतात ती? माझ्या एल्डनला देण्याआधी?"

तो दचकला. मी त्याच्यावर चोरीचा आळ घेतल्यासारखा दचकला. "नाही! मी कसा म्हणणार? माझा काय अधिकार? एवढा मी बिघडलेला नाही, लोव्हीना. मी फक्त डबीत ठेवायचो आणि देवाला म्हणायचो, ही भाकर आहे, तुला माहीत आहे, बाकी तू बघ."

म्हणजे तू लिहिलंस ते बरोबर. नुसती भाकर. मला काय ऐकायचं होतं कोण जाणे. त्यानं म्हटली असती तर तो मोठा अपराध झाला असता, आणि तरी क्षणभर मला वाटलं, म्हटली असती तर बरं झालं असतं.

"एल्डनला माहीत होतं का?" मी विचारलं.

"मी त्याला सांगितलं नाही. त्यानं माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. पन्नास वर्षं आम्ही एकत्र मासे पकडले. तोंड बघून त्याला काय कळलं आणि काय नाही, मी नाही सांगू शकत."

हे तुला कळावं म्हणून लिहिलंय. यातून तू काय काढशील ते तुझं तू बघ.

मी त्याला म्हटलं, रविवारी बिशपला तू सांग. तो म्हणाला, माझ्या तोंडातून निघणार नाही. म्हणाला, ईस्टरपर्यंत थांब. म्हणाला, हार्टलीकडे कोण जाईल? हार्टली बाइस म्हणजे थेल्माचा नवरा, तिच्यानंतर अंथरुणाला खिळला. खाणीनं फुप्फुसं खाल्लेली, नाकात नळी. क्लेटन दर सोमवारी त्याच्याकडे डबी घेऊन जातो.

"हार्टलीच्या बायकोला मी काय दिलं ते त्याला कळलं तर?" क्लेटन म्हणाला. "तू सांगशील त्याला? जा, सांग. तू चांगली वाचतेस, सगळे म्हणतात. जा, वाचून दाखव त्याला."

आजवर तो माझ्याशी असा कधी बोलला नव्हता. मी म्हटलं, "माझ्या नवऱ्यालाही तू तेच दिलंस."

तो पुन्हा शिडीवर चढला. मी घरी येईपर्यंत कुऱ्हाडीचा आवाज माझ्या मागे येत होता.

मी अजून ठरवलेलं नाही. तू बिशपना फोन करू नकोस. हे मी तुला सांगत नाही, मागतेय. रविवारपर्यंत.

आई


पेनरोज
मंगळवार, २५ मार्च

मेरिन,

तू फोन केला नाहीस, हे मला बिशपच्या चेहऱ्यावरून कळलं. ते आनंदात आले, बूट झटकले, आयलीला म्हणाले, "तुमच्या पेस्टीसाठी मी इतक्या लांबून गाडी चालवली." त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्याबद्दल तुझे उपकार.

उपासना चांगली झाली. किती तरी महिन्यांनी वेदीवरून ती प्रार्थना ऐकली. मी पुढे गेले. बिशपनी ईस्टरपर्यंत पुरेल एवढी जास्तीची भाकर आशीर्वाद देऊन क्लेटनच्या हातात दिली, त्यानं ती कोनाड्यात ठेवली, आणि बाकावर बसून मी त्या दिव्याकडे बघितलं. या हिवाळ्यात पहिल्यांदा तो खरं सांगत होता. इथंच सगळं मिटवून टाकता येईल, असं माझ्या मनात आलं. कोनाडा भरलाय, परवाना वाढेल, कोणाला कळायचं कारण नाही. तू सोडून. खरं सांगायचं तर तुझ्यापुरता मी विचार केला: हिला काय, ही लांब आहे, ओरडेल आणि थांबेल.

मग खाली कॉफीच्या वेळी बिशप उभे राहिले. म्हणाले, धर्मगुरू नसताना तुम्ही हा दिवा विझू दिला नाहीत, आणि याचं श्रेय ज्या माणसाला आहे त्याचा परवाना मी आज आणखी तीन वर्षांसाठी देतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्लेटन उठला. त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. गप्प राहा असं ते बघणं नव्हतं. ते कसं होतं ते मला नीट सांगता येत नाही. खांद्यावर ओझं घेऊन माणूस दाराशी उभा असतो आणि दार उघडायला त्याला हात मोकळा नसतो, तसं.

मी म्हटलं, "बिशप, डिसेंबरपासून कोनाड्यातली भाकर पाकिटातली होती. आशीर्वाद नसलेली."

टाळ्या थांबल्या. बिशपना आधी कळलंच नाही. "म्हणजे कशी?"

"संपली होती," क्लेटन म्हणाला. "मी भरली. ती खरं सांगतेय."

आयली किटली घेऊन उभी होती. "आणि आम्ही ती खाल्ली," ती मोठ्यानं म्हणाली, "आणि त्यानं कोणी मेलं नाही." बोलून गेली आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. किटली टेबलावर ठेवून ती खुर्चीत बसली.

बिशप रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी क्लेटनला बाजूला नेलं, बराच वेळ बोलले. वर जाऊन कोनाड्यात मागे उरलेल्या जुन्या चकत्या काढून घेतल्या. मग खाली येऊन सगळ्यांना सांगितलं की तुम्हाला फसवलं गेलं याची मी क्षमा मागतो, त्यात माझ्या कचेरीचा वाटा मोठा आहे, आम्ही फोन घेतले आणि विसरलो. क्लेटनचा परवाना वर्षभर थांबला. कोनाड्याची किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. "मी लेखी कळवेपर्यंत उघडायचं नाही," म्हणाले. "कोणासाठीही."

मी त्यांना विचारलं, माझ्या नवऱ्यानं शेवटी काय खाल्लं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "भाकर खाल्ली, मिसेस ट्रेवॅरो. पण त्यांनी काय मागितलं होतं हे ज्याला कळायला हवं, त्याला कळलं असणार." तुझ्याच वाक्यापासून सुरुवात केली त्यांनी. फक्त ते पुढे आणखी एक बोलले. तुला दोष देत नाही. तू मुलगी आहेस. तू पुढचं बोलू शकत नव्हतीस, ते मला कळलंय.

तू बरोबर होतीस. आणि तरीही मी बाबांना थांबायला सांगितलं नसतं. या दोन्ही गोष्टी मी एकत्र लिहितेय, तू दोन्ही वाच.

कॉफीनंतर माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. मिसेस पास्कोंनी माझ्याकडे पाठ करून बशा धुतल्या. दोन कुटुंबं ईस्टरला येणार नाहीत म्हणतात. त्यातलं एक क्लेटनमुळे आणि दुसरं माझ्यामुळे. ईस्टरला वेदीवर उभं राहायला कोणी नाही, असं बिशप निघताना म्हणाले, आणि तुझं नाव घेतलं. तुझ्या वतीनं मी काही बोलले नाही. त्यांनी विचारलं तर माझ्याकडे बघून उत्तर देऊ नकोस.

काल, सोमवारी, मी क्लेटनच्या घरी गाडी घेऊन गेले. तो गॅरेजमध्ये मासेमारीचं सामान उगाच उचलून इकडचं तिकडे ठेवत होता. मी म्हटलं, "सोमवार आहे. चल हार्टलीकडे."

"कशाला? हातात काय घेऊन?"

"काही नाही. गाडीत बस."

किल्ली माझ्या कोटाच्या खिशात होती आणि चर्च वाटेतच लागतं. मी गाडी थांबवली नाही.

हार्टलीनं केस विंचरून ठेवले होते, हात धुतले होते, मांडीवरच्या ट्रेवर स्वच्छ रुमाल पसरला होता. क्लेटननं टोपी हातात घेऊन त्याला सगळं स्वतःच सांगितलं. थेल्माचंही सांगितलं. हार्टलीनं ऐकून घेतलं. मग रुमालाची घडी केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. यंत्रातून हवेचा आवाज तेवढा येत होता. क्लेटन दाराकडे वळला. मी त्याच्या बाहीला धरलं.

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि त्या दिवसाचं स्तोत्र वाचलं. हार्टली वळला नाही. मी पुढचं वाचलं. क्लेटन दाराजवळच्या स्टुलावर बसला. हार्टलीची सून कामावरून परत येईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून होतो.

आई